कुलपातलं मीठ

दिवसाढवळ्या माणसाचं स्वतःचं मीठ हिसकावून घ्यायचं, ते कुलपात कोंडायचं आणि वर त्यालाच चोर म्हणायचं, याला काय म्हणावं तुम्हीच सांगा! तेही लग्नघरात, सनई वाजत असताना, भरल्या मांडवात! नबीलाल कुल्फीवाला त्या दिवशी पेटला तो उगाच नाही पेटला. दुसरा कुणी असता तर माठ तिथंच आपटून घरी गेला असता.

नबीलाल नगरचा, झेंडीगेटचा. आजा कुल्फीवाला, बाप कुल्फीवाला, हा तिसरा. कोपरगावकडचे आसाराम पाटील कोर्टाच्या तारखेला नगरला यायचे, दर खेपेला कापडबाजारात त्याच्या दोन-दोन कुल्फ्या चापायचे आणि मिशा पुसत म्हणायचे, "नबीलाल, माझ्या पोरीच्या लग्नात सगळ्या वऱ्हाडाला हीच खाऊ घालायची हाय बरं का!" नबीलालला वाटायचं, मोठ्या माणसांचं बोलणं, तोंड पुसलं की विसरले. पण पाटील विसरले नाहीत. चाळीस सालच्या मे महिन्यात त्यांच्या पोरीचं लग्न निघालं आणि नबीलालला आमंत्रण आलं.

पाटलांची वस्ती कालव्याच्या कडेला. चहूकडून ऊस आणि मधोमध घर, गोठा, मांडव. कोपरगाव तिथून चांगलं दोन कोस. नबीलाल पहाटेच्या गाडीनं उतरला तो सगळं बिऱ्हाड घेऊनच. बर्फाच्या लाद्या लाकडाच्या भुशात घालून पोत्यांत शिवलेल्या, पत्र्याचे अडीचशे साचे, चार मोठे माठ आणि खडेमिठाची दोन पोती. मीठ त्याचं स्वतःचं. परक्या गावात ऐनवेळी मिठासाठी दारोदार हिंडावं लागू नये म्हणून बापाच्या वेळेपासूनची ती रीत होती.

दूध पाटलांच्या आचाऱ्यानं आटवायचं आणि साचेही त्यानंच भरायचे, असं आधीच ठरलं होतं. वऱ्हाडात सोवळं-ओवळं पाळणारी दोन-तीन माणसं होती. नबीलालला त्याचं काही वाटत नसे. "दूध तुमचं, हात तुमचा, थंडी तेवढी माझी," असं तो हसून म्हणायचा. साच्यांना झाकणं लावायची, फटी कणकेनं बुजवायच्या, साचे माठात उभे रचायचे. भोवती फोडलेला बर्फ, त्यावर मीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. मग माठ दोन पायांत धरून गदागदा हलवत बसायचं. विद्या एवढीच, पण ती ज्याच्या हातात आहे त्याच्याच हातात आहे.

आता आपल्याकडे लग्नघरात कोठी नावाचं एक प्रकरण असतं. गूळ, तूप, साखर, मीठ, मिरची, सगळा शिधा एका खोलीत आणि त्या खोलीवर एक माणूस. त्याच्या हुकमाशिवाय चिमूटभर हळद बाहेर पडायची नाही. पाटलांच्या कोठीवर नवरीचा सख्खा मामा बसला होता, राधाकृष्णमामा, पाटलीणबाई मुक्ताबाईंचा थोरला भाऊ. एरवी या माणसाला घरात कुणी विचारत नव्हतं. पण कमरेला किल्ली लागली मात्र, गडी एकदम लाटसाहेब झाला. आचाऱ्याला तूप पळीनं मोजून देत होता आणि मिठासाठी पसा पुढं करायला लावत होता.

सकाळची न्याहारी उरकून मामा मांडवामागं आला. नबीलालनं पहिला माठ नुकताच लावला होता. वरून मिठाची ओंजळ टाकली, बर्फ कडकड वाजला, आणि बघता बघता माठात पाणी दिसायला लागलं. मामा वाकून बघत राहिला. मग त्यानं एका पोत्याचा भुसा बाजूला केला. आतली लादी दगडासारखी. मामानं मिठाचा एक खडा उचलून लादीवर ठेवला. घटकाभरात खड्याखाली चांगली खळी पडली.

"आरं तिच्या मायला!" मामा ओरडला. "मीठ बर्फ खातंय की!"

डोळ्यांनी बघितलं ते खरंच होतं. मीठ बर्फ खातंच. पण त्यातून मामानं जे काढलं ते काढायला कोठीवर बसलेलंच डोकं पाहिजे.

"पाटलानं पाच मन बर्फ सांगितला हुता. ही पोती चार मनाची बी न्हाईत. राहिलेला कुठं गेला रं?"

"वाटंत इरघळला, मामा. मे महिना हाय. भुसा किती धरंल?"

"इरघळला का इकला? वाटंत इकलास आन आता राहिलेला मीठ घालून मारतोयस. म्हंजी दुपारी हात वर करायला मोकळा, ऊन लई हुतं, बर्फच राहिला न्हाई! मला शिकवतोस व्हय रं? चोर हायेस तू, चोर!"

हे शेवटचं इतक्या मोठ्यानं की विहिरीवरच्या बाया घागरी टाकून पळत आल्या. आचारी झारा घेऊनच बाहेर आला. सनईवाल्यानं तोंडातली सनई काढली. नबीलालच्या कानशिलात गरम झालं. उभ्या जन्मात त्याला कुणी या नावानं हाक मारली नव्हती. तरी त्यानं स्वतःला आवरलं, कारण गिऱ्हाइकाशी भांडायचं नाही ही बापाची शिकवण होती.

"मामा, जरा ऐकून घ्या. तुमच्या घरात पान्याचा माठ हाय का न्हाई? तो झिरपतो म्हनून आतलं पानी गार व्हतं. झिरपला न्हाई तर पानी कोमटच ऱ्हानार. तसंच हे. बर्फाला इरघळायला ऊब लागती. आपल्या चालीनं इरघळला तर भाईरची ऊब खातो, आपल्याला त्याचा उपेग न्हाई. मीठ टाकलं की त्याला इरघळावंच लागतं, गोठलेला ऱ्हाताच येत न्हाई. मग ऊब आनंल कुठनं? साच्यातल्या दुधातनं ओढून घेतो. बर्फाचं पानी व्हतं म्हनून तर दुधाची कुल्फी व्हती! ह्या खाऱ्या पान्यात बोट घालून बघा, बर्फापरीस गार हाय."

किती सरळ सांगितलं होतं! पोर असतं तर त्यालाही कळलं असतं. पण मामानं बोट घातलं नाही. बोट घातलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर माघार घ्यावी लागली असती.

"पानी बर्फापरीस गार!" मामा बायांकडं बघून हसला. "आन उद्या सांगशील इस्तवापरीस राख गरम. ए, उचला रं ती पोती! कोठीत टाका."

"मामा, ते माझं मीठ हाय."

"ह्या मांडवात आलेली चीज कोठीची." मामानं उघडलेल्या पोत्याला स्वतःच्या हातानं सुतळीची गाठ मारली, दोन्ही पोती गड्यांच्या पाठीवर दिली आणि कोठीला कुलूप ठोकलं. "बर्फ हाय, दूध हाय, साचे हायेत. जमव कुल्फी. जमली तर बरं. न्हाई जमली तर चोर म्हनून बांधून कोपरगावच्या चौकीवर धाडतो का न्हाई बघ!"

आणि बघणारे? बघणारे बघत राहिले. आचाऱ्याला ठाऊक होतं की कुल्फीला मीठ लागतं. त्यानं नगरला दहादा खाल्ली होती. तो झारा घेऊन मुकाट आत गेला. पाटील वऱ्हाडाला सामोरे स्टेशनवर गेलेले, बैलगाड्या झाडून सगळ्या त्यांच्याबरोबर. दोन कोस चालत जाऊन डोक्यावर मणभर मीठ आणायचं म्हटलं तर तोवर बर्फाचं पाणी झालं असतं. आणि निघून जावं म्हटलं तर? मग तर झालंच. 'पळाला बघा चोर,' असं मामा म्हणणार, आणि पुढच्या बाजाराला ते नगरपर्यंत पोचणार. लग्नसराईची सगळी कामं नावावर मिळत होती. पण कामाचं सोडा, ते नाव तीन पिढ्यांचं होतं. ते असं कुणाच्याही कमरेच्या किल्लीला टांगायला आणलं होतं काय!

पहिल्या माठाला मीठ मिळालं होतं, पण अर्धवट. बाकीचे तीन कोरडे पडलेले. तो उठला आणि गोठ्यामागच्या सावलीत जाऊन बसला. तिथं पाटलांच्या उसाच्या खताची छपरी होती.

थोड्या वेळानं मुक्ताबाई आल्या. अंगावर लग्नाचं लुगडं, हाताला हळद. "नबीभाऊ, मला कळलं समदं. तुमी जाऊ नगा. माझ्या लेकीच्या लग्नात इघ्न नको."

"इघ्न मी घातलं का, आक्का? माझं मीठ काढून द्या, तुमच्या वऱ्हाडाला कुल्फी खाऊ घालतो."

"किल्ली त्याच्या कमरेला हाय."

"मग मागून घ्या. तुमचं घर हाय, तुमचा भाऊ हाय."

मुक्ताबाईंनी पदर तोंडावर धरला. "त्याचा सोभाव तुमाला ठाव न्हाई. आता काय बोलले तर तो रुसून उठंल. लगीन बारा वाजता हाय. नवरीमागं मामा उभा ऱ्हायला न्हाई तर व्याही काय म्हनतील?"

म्हणजे बघा! मामा रुसू नये म्हणून परक्या माणसाला चोर म्हणवून घ्यायचं. नबीलालनं नजर वळवली तर छपरीत विलायती खताची पोती रचलेली दिसली. एक पोतं फाटलं होतं आणि खाली पांढरे शुभ्र दाणे सांडले होते. सल्फेट म्हणायचे त्याला. त्यानं दोन दाणे उचलून जिभेला लावले आणि लगेच थुंकला. खारट, आणि मागून कडवट.

त्याच्या डोक्यात चर्रकन काहीतरी झालं. बर्फाचे कारखाने निघायच्या आधी आजा सोऱ्यानं पाणी गार करायचा. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूतला. तो काही मीठ नव्हे, पण मिठासारखाच पाण्यात विरघळणारा. मग बर्फाला काय, मिठाचंच नाव लिहून दिलंय? पाण्यात मिसळून जाणारं काहीही त्याच्यात घुसलं तर त्याला तसंच विरघळावं लागणार!

तो धावत जाऊन पत्र्याच्या डब्यात बर्फाचा चुरा घेऊन आला, त्यात खताच्या दोन मुठी टाकल्या आणि हलवलं. बर्फ कडकड वाजला. डब्याच्या बाहेरच्या अंगाला आधी घाम आला, मग तो घाम गोठून पांढरा झाला. ओलं बोट लावलं तर बोट पत्र्याला चिकटलं. सकाळपासून पहिल्यांदा नबीलाल हसला.

"आक्का, दोन पोती द्या ह्याची."

मुक्ताबाई डब्याकडं बघत राहिल्या. "खत? कुल्फीला?"

"कुल्फीला न्हाई, बर्फाला. दूध आत, झाकन बंद, कनकेनं लिंपलेलं. मीठ तरी कुठं आत जातं? गेलं असतं तर खारट नसती लागली?"

"मला पटलं, भाऊ. पन व्याह्यांना कोन पटवील? खत चारलं म्हनतील." त्यांनी मांडवाकडं एकदा बघितलं. "घ्या पोती. पन माझ्या गळ्याची आन हाय. ह्याचं नाव तुमच्या तोंडातनं भाईर पडता कामा न्हाई."

नबीलालनं शपथ घेतली आणि कामाला लागला. गोठ्याच्या आडोशाला माठ नेले. खत मिठापेक्षा दीडपट लागलं, हाताच्या भेगांत झोंबलं, पण थंडी अशी धरली की खडेमिठानंच धरावी. तिकडं अक्षता पडल्या, मामा छाती काढून नवरीमागं उभा राहिला, पंगती उठल्या. तीन वाजता उन्हाचा नुसता जाळ होत होता तेव्हा नबीलालनं साचे काढले, दोनदा स्वच्छ पाण्यानं धुतले, पुसले आणि मांडवात पाठवले. कुल्फी अशी जमली होती की साचा तळव्यात चोळल्याशिवाय सुटेना. वऱ्हाडानं तोंडात घातली आणि मांडव गप्प झाला. व्याह्यांनी तीन खाल्ल्या. पाटील नुसते मान डोलवत होते.

वाटलं, संपलं. जमली कुल्फी, मिटलं भांडण. कुणालाही तसंच वाटेल. पण मामा मांडवाच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं फेटा सारखा केला.

"पाव्हनं, ऐका. ही कुल्फी कुनामुळं खाताय? माझ्यामुळं! ह्यो नगरचा गडी मीठ घालून बर्फाचं पानी करत हुता. मी मीठ कुलपात घातलं. बघा, बिनमिठाची जमली का न्हाई? मग मीठ कशाला आनलं हुतं? चोरलेला बर्फ पान्यात बुडवायला! आज चोर पकडला म्हनून, न्हाई तर ह्यो जन्मभर लोकास्नी गंडवत ऱ्हायला असता!"

अरे देवा! जमली नाही तर चोर आणि जमली तर दुप्पट चोर! सगळा मांडव नबीलालकडं बघायला लागला. पाटलांच्या कपाळाला आठी पडली. नबीलालनं बायकांच्या बाजूला नजर टाकली. मुक्ताबाई खाली बघत होत्या. आणि याच्या तोंडाला शपथेचं कुलूप.

"पाटील," तो पुढं येऊन म्हणाला. आवाज चढला होता आणि त्यानं तो आवरलाही नाही. "मी तुमच्याकडं दुसरं काय मागत न्हाई. बर्फ हाय थोडा, दूध हाय. मामांनी एक माठ बिनमिठाचा लावावा, त्यांच्या हातानं. मी एक मीठ घालून लावतो, इथंच, समद्यांम्होरं. त्यांची जमली तर मी चोर. सोता चौकीवर चालत जातो."

"हां, हे रास्त हाय," व्याही म्हणाले. त्यांनाही चौथी हवी होतीच.

पाटलांनी हातानंच होकार दिला. मामाला 'नाही' म्हणता येईना. कोठी उघडली, सकाळी उघडलेलं पोतं आलं. "गाठ तुमचीच हाय ना? बघून घ्या," नबीलाल म्हणाला. मामानं गाठ बघितली. होती तशीच होती.

दोन माठ मांडवात लागले. मामानं धोतर खोचलं आणि माठ हलवायला घेतला. दहा मिनिटांत फेटा उतरला, पंधरा मिनिटांत सदऱ्याची बटणं सुटली. वऱ्हाडातली पोरं टाळ्या वाजवून "हलवा, मामा, हलवा!" म्हणायला लागली. नबीलाल शेजारी बसून संथ हलवत होता, डोळे मात्र मामावर. पाऊण तासानं व्याही म्हणाले, "बास. काढा."

मामाच्या माठात बर्फ छान शाबूत होता. अगदी लादीसारखा! त्यानं साच्याचं झाकण काढलं आणि गारेगार दूध त्याच्या मांडीवर सांडलं. नबीलालच्या माठात निम्म्याहून जास्त पाणी झालेलं. त्यानं साचा काढला, धुतला, तळव्यात चोळला आणि टणक कुल्फी व्याह्यांच्या पानावर ठेवली.

"ज्याचा बर्फ वाचला त्याचं दूध ऱ्हायलं," नबीलाल म्हणाला. "ज्याचा बर्फ गेला त्याची कुल्फी झाली. आता सांगा, मी बर्फ मारत हुतो का कुल्फी करत हुतो?"

मांडवात हशा पिकला. इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. पण मामाचं तोंड लालभडक झालं होतं.

"मग दुपारची कशी जमली? आं? मीठ तर कुलपात हुतं! म्हंजी तू कोठीतलं चोरलंस, न्हाई तर लपवून आनलंस. चोर ते चोरच!"

हशा थांबला. पाटलांनी वळून विचारलं, "व्हय, नबीलाल. खरंच, दुपारची कशानं जमवली?"

जिभेवर आलेलं नबीलालनं गिळलं. शपथ एका बाईच्या गळ्याची घेतली होती, मोडायची म्हणजे काय खेळ आहे? तो गप्प उभा राहिला आणि ते गप्प राहणं चोराचंच दिसत होतं हे त्यालाही कळत होतं. संतापानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दिवसभर खपून, दोनदा खरा ठरून, पुन्हा तिथंच!

"बघा, बोलती बंद झाली!" मामा म्हणाला.

"तो बोलनार न्हाई. मी त्याला आन घातलीय."

मुक्ताबाई उठून पुढं आल्या होत्या. व्याह्यांच्या देखत, डोक्यावरचा पदर सावरत, पण आवाज कापत नव्हता. "दुपारची सल्फेटानं जमवली. उसाचं खत. पोती मी दिली. मीठ माझ्या भावानं कोंडलं म्हनून. आन हे बी सांगते, सकाळीच मला ठाव हुतं की भाऊ चुकला. लगीन लागंस्तवर मी गप बसले. माझं चुकलं ते."

व्याह्यांनी पानावरच्या कुल्फीकडं बघितलं. "म्हंजी आमी खत खाल्लं?"

"खत भाईर, दूध आत, मधी पत्रा आन कनीक," नबीलाल भडाभडा बोलून मोकळा झाला. शपथ सुटली होती. "एक दाना आत गेला असला तर मला कालव्यात ढकला."

व्याही स्वतः उसाचे बागाईतदार. त्यांनी एक घास तोडला, चघळला आणि हसायला लागले. "आवो, त्याच खताचा ऊस, त्याच उसाची साखर. जन्मभर खातोयच की! इथं तर मधी पत्रा तरी हाय!"

सगळा मांडव खदखदला. मामानं कमरेची किल्ली उपसली आणि जमिनीवर आपटली. "माझा अपमान! भरल्या मांडवात माझा अपमान! मी चाललो!"

लग्नकार्यात मामानं असं म्हटलं की चार माणसं धावायची, हात धरायची, फेटा उचलून डोक्यावर ठेवायची. मामा दोन पावलं चालला, थांबला, मागं बघितलं. कुणी उठलं नव्हतं.

"जायचं तर जा," मुक्ताबाई म्हणाल्या. "लगीन लागलंय, आता मागं उभं ऱ्हायला कोन नको. पन जायच्या आधी एक सांग. त्याची पोती कुनाच्या कोठीत, कुनाच्या कुलपात? मग चोर कोन रं, दादा?"

पाटील मामाकडं बघत होते, व्याही बघत होते, आचारी झारा घेऊन दारात उभा होता. मामानं मान खाली घातली आणि सदऱ्याच्या बटणाशी चाळा करत काहीतरी पुटपुटला.

"काय म्हनलात?" नबीलालनं विचारलं.

"म्हनलं, चुकलं."

"ऐकू आलं न्हाई, मामा." नबीलाल त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. हात अजून बर्फानं बधिर होते. "सकाळी चोर म्हनलात तवा विहिरीवरच्या बाया घागरी टाकून पळत आल्या. आता बी तितक्याच मोठ्यानं म्हना. बाया तिथंच हायेत."

मामानं पाटलांकडं बघितलं. पाटलांनी नजर काढली नाही.

"नबीलाल चोर न्हाई!" मामा ओरडला.

"बरं झालं," नबीलाल म्हणाला. "आता दुसरं पोतं अजून कोठीत हाय. ते घेऊन या. गडी नको, तुमीच."